टक्का कशाचा?

वाचक विचारतात : अर्थकारण, तंत्रज्ञान आणि राजकारण

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : बातमीतला टक्का आणि हातातली पावती जुळत नाही. बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. टक्का कशावर काढलाय, एवढंच बातमीत सांगायचं राहून गेलेलं असतं.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, म्हणजे १३ टक्के स्वस्ताई. पण माझ्याकडे पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांनाच येतो आणि गिऱ्हाईक माझ्याशी हुज्जत घालतं. चूक कोणाची? (किराणा दुकानदार, लातूर)

आधी ते १३ खोडा. १०० रुपयांच्या मालावर १८ टक्के कर म्हणजे ११८ रुपये, ५ टक्के कर म्हणजे १०५. उतरले १३ रुपये, पण गिऱ्हाईक आधी ११८ देत होतं. १३ भागिले ११८, म्हणजे ११ टक्के. २८ वरून १८ वर आलेल्या मालाचंही तसंच : स्वस्ताई १० नव्हे, ७.८ टक्के.

पाच रुपयांचे ११ टक्के म्हणजे ५५ पैसे. ४ रुपये ४५ पैशांचा पुडा विकायला सुटे आणणार कुठून? म्हणून कंपन्या छोट्या पुड्यांची किंमत तीच ठेवतात आणि वजन वाढवतात. करातली पूर्ण सूट वजनात आली, तर ५० ग्रॅमचा पुडा साधारण ५६ ग्रॅमचा व्हायला हवा. गिऱ्हाइकाला जुना आणि नवा पुडा शेजारी ठेवून ग्रॅम दाखवा, हुज्जत तिथेच मिटते. वजनही तेच आणि किंमतही तीच असेल, तर तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करायची. ती तुमच्यावर नव्हे, उत्पादकावर.

जाता जाता : वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के कर त्याच दिवशी शून्य झाला. पण त्याबरोबर विमा कंपनीला स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावटही मिळेनाशी झाली. नूतनीकरणाचा कागद आला की करापूर्वीचा मूळ हप्ता गेल्या वर्षीच्या मूळ हप्त्याशी ताडून पाहा. वाढ लपली असेल तर तिथेच.

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई पाव टक्का होती म्हणे. आमच्या घरचा महिन्याचा खर्च तर वाढलाच आहे. हे आकडे खरे मानायचे का? (गृहिणी, कोथरूड, पुणे)

आकडा खरा आहे. त्या महिन्याचा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के होता आणि २०१२ पायाभूत वर्षाच्या (म्हणजे त्या वर्षीच्या किमती १०० धरणाऱ्या) मालिकेतला तो नीचांक होता. पण हा दर सांगतो तो एकाच गोष्टीबद्दल : मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा किमती किती हलल्या. म्हणून आधी मागचं वर्ष पाहायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के होती, आणि ती मुख्यतः भाज्यांनी पेटवली होती.

भाज्यांचेच आकडे घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२.१८ टक्के महागल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या २७.५७ टक्के स्वस्त झाल्या. मथळा वाचून वाटतं, भाजी मातीमोल झाली. आता पिशवी घेऊन हिशेब करू. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांची भाजी वर्षाने १४२ रुपये १८ पैशांची झाली. त्यातून २७.५७ टक्के वजा करा, उरतात १०२ रुपये ९८ पैसे. म्हणजे दोन वर्षांत भाजी फिरून मूळ जागी आली, वर तीन टक्के चढली. पहिल्या वर्षी १०० वर चढलेले टक्के आणि दुसऱ्या वर्षी १४२ वरून उतरलेले टक्के यांची सरळ वजाबाकी होत नाही. हा पायाचा परिणाम समजला की महागाईच्या निम्म्या बातम्या आपोआप सुटतात. महागाई 'उतरली' म्हणजे किमती उतरल्या असंही नाही. ६ टक्क्यांवरून २ वर आलेली महागाई म्हणजे किमती चढतातच आहेत, फक्त दमानं. (कांदा मातीमोल झाला तो शेतकऱ्यासाठी. लासलगावच्या लिलावातला भाव आणि कोथरूडच्या भाजीवाल्याचा भाव यांत निवड, घट, हमाली, भाडं आणि अडत येते, त्यामुळे पडझड खालपर्यंत पोचते ती अर्धीमुर्धी.)

दुसरी गोष्ट भाराची, म्हणजे मोजणीत कोणत्या खर्चाला किती वजन दिलंय त्याची. त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना ४५.८६ टक्के भार होता, घराला १०.०७. शंभरातले जवळजवळ सेहेचाळीस गुण एकाच विषयाला असले की त्या विषयात नापास झालेला मुलगा सगळीकडे नापास दिसतो आणि पास झालेला हुशार ठरतो. हे भार २०११-१२ च्या घरखर्च सर्वेक्षणातले होते. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात शहरी घरांचा खाण्यावरचा खर्च ३९.६८ टक्क्यांवर आलेला दिसला, म्हणून तर पायाभूत वर्ष बदलून २०२४ करायचं ठरलं. मालिका बदलते तेव्हा जुन्या आणि नव्या मालिकेतले दर थेट शेजारी ठेवू नका.

आता तुमच्या घराचा निर्देशांक. वहीत मागच्या वर्षीच्या याच महिन्याचा खर्च चार रकान्यांत मांडा आणि प्रत्येकाचा एकूण खर्चातला वाटा काढा. समजा महिना ४०,००० रुपये : किराणा-भाजी १२,००० (३० टक्के), भाडं १४,००० (३५ टक्के), शाळा आणि प्रवास ८,००० (२० टक्के), औषधं व इतर ६,००० (१५ टक्के). वर्षभरात किराणा-भाजी ३ टक्के उतरली, भाडं ७ टक्के वाढलं, शाळा-प्रवास १० टक्के, इतर ४ टक्के. प्रत्येक वाटा आपापल्या बदलाने गुणा : उणे ०.९, अधिक २.४५, अधिक २, अधिक ०.६. बेरीज ४.१५. देशाची महागाई पाव टक्का आणि तुमची चारच्या वर, दोन्ही एकाच वेळी बरोबर. इथे नेहमी होणारी चूक अशी की दिवाळीचा महिना दिवाळी नसलेल्या महिन्याशी ताडला जातो. २०२४ ची दिवाळी महिन्याच्या शेवटी होती, २०२५ ची २० ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा फराळाचं तेल-तूप वेगळं काढा. त्या वर्षात तेलं-तुपं तशीही ११ टक्क्यांच्या आसपास चढलेली होती.

निवृत्तांसाठी एक टीप : महागाई भत्ता या निर्देशांकावर ठरत नाही. त्यासाठी औद्योगिक कामगारांचा वेगळा निर्देशांक आहे, आणि तिथे बारा महिन्यांची सरासरी धरतात. एखाद्या महिन्याची महागाई पडली म्हणून भत्ता पडत नाही.

प्रश्न : फेब्रुवारी २०२२ मध्ये ३० लाखांचं घरकर्ज २० वर्षांसाठी ६.७ टक्क्यांनी घेतलं. हप्ता २२,७२२. पुढे व्याज वाढलं तेव्हा बँकेने हप्ता २४,४०० केला आणि मुदत २०४२ वरून २०५२ वर नेली. २०२५ मध्ये रेपो दर चार वेळा उतरला, पण हप्ता जिथल्या तिथे. फायदा गेला कुठे? (खासगी नोकरदार, नाशिक)

आधी वाढ कशी झाली ते पाहू, कारण उताराची गुरुकिल्ली तिथेच आहे. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर) ४ टक्के होता. कर्ज रेपोशी जोडलेलं आहे असं धरलं, तर तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेने वर लावलेला २.७० चा फरक. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ६.५० झाला, तुमचा दर ९.२० वर गेला. वर्षभर हप्ते भरून तुमचं मुद्दल फार तर २९ लाख ६० हजारांवर आलं असेल. त्यावर ९.२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं सुमारे २२,६९३ रुपये. तुमचा हप्ता २२,७२२. म्हणजे मुद्दलात जमा होणार २९ रुपये! त्या हप्त्यात कर्ज फिटायला सत्तर वर्षं लागली असती. म्हणून बँकेने हप्ताही वाढवला आणि मुदतही ताणली.

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ झाला. तुमचा फरक तोच असेल, तर दर ७.९५ टक्के व्हायला हवा. उरलेलं मुद्दल साधारण २८ लाख ८० हजार धरू. इथून तीन वाटा आहेत. हप्ता २४,४०० च ठेवलात तर सुमारे २३१ हप्ते, म्हणजे सव्वाएकोणीस वर्षं, आणि एकूण भरणा ५६.३ लाख. बँकेने मुदत २०५२ च ठेवून हप्ता उतरवला, तर तो सुमारे २१,८७० होईल. महिन्याला अडीच हजार सुटतील, पण एकूण भरणा ६८.२ लाख. आणि तुम्ही हप्ता २६,५५० करून घेतलात तर कर्ज मूळ मुदतीत, २०४२ मध्येच फिटेल, भरणा ५१ लाख. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत महिन्याला २,१५० रुपयांचा फरक, शेवटी सव्वापाच लाखांचा. आमचं मत विचाराल तर ओढाताण नसेल तेव्हा तिसरी वाट, आणि असेल तेव्हाही हप्ता उतरवून घेण्याआधी दोनदा विचार.

तुमच्या बाबतीत बहुधा पहिली वाट आपोआप लागू झाली आहे : हप्ता तोच, मुदत मागे. तसं असेल तर खातेउताऱ्यावर शेवटच्या हप्त्याची तारीख २०४५ च्या आसपास दिसायला हवी. अजून २०५२ च दिसत असेल, तर दर उतरलेलाच नाही. त्याची कारणं दोन असू शकतात, आणि दर उतरूनही जास्तच वाटत असेल तर तिसरं.

एक, कर्ज रेपोशी जोडलेलं नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फिरत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बंधनकारक आहे, पण गृहवित्त कंपन्यांना ते लागू नाही. त्या आपला स्वतःचा मूळ दर ठरवतात आणि उतरवताना सावकाश असतात. मंजुरीपत्रावर सावकार बँक आहे की तिच्या नावासारखं नाव असलेली गृहवित्त कंपनी, ते पाहा. इथे भलेभले फसतात. दोन, फेरनिश्चितीची तारीख यायची आहे. बँकेने निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावायचा असतो, त्यामुळे रेपो उतरल्यावर तीन महिन्यांपर्यंतचा उशीर नियमात बसतो. तीन, तुमचा फरकच मोठा आहे. नवं गिऱ्हाईक ओढायला बँका फरक कमी लावतात, जुन्याचा तोच चालू राहतो. शाखेत अर्ज आणि किरकोळ शुल्क भरून तो कमी करून मिळू शकतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

अर्ज तोंडी करू नका. आजचा दर, त्यातला रेपो आणि फरक वेगवेगळे, शिल्लक मुद्दल, शिल्लक हप्ते, पुढच्या फेरनिश्चितीची तारीख, एवढ्या गोष्टी लेखी मागा. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याचा विचार असेल, तर फिरत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. मात्र नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क, वकील, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क आणि आपल्या राज्यात ३० दिवसांत दाखल करावी लागणारी 'नोटीस ऑफ इंटिमेशन' (घराचे कागद गहाण ठेवल्याची निबंधकाला सूचना), यांचा खर्च आधी जोडा. अर्धा टक्का फरक आणि पंधरा वर्षं शिल्लक असतील तर सहसा परवडतं. पाच वर्षंच उरली असतील तर खटाटोप नको.

प्रश्न : रेपो उतरला की आमच्या ठेवींचं व्याज उतरतं. ज्येष्ठांनी काय करावं? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

चालू ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. धोका नूतनीकरणाच्या वेळी. म्हणून सगळ्या ठेवी एकाच महिन्यात संपतील असं करू नका. एक, दोन, तीन, चार वर्षांच्या अशा पाडा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. गुंतवणुकीची कमाल मर्यादा ३० लाख, तिमाहीला व्याज ६१,५०० रुपये. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, पण खातं उघडताना लागलेला दर पाच वर्षं कायम राहतो. पंधरा लाख आज आणि पंधरा लाख 'नंतर बघू' असं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

प्रश्न : अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. ते पैसे भरतं कोण? आमच्याकडचे कारखानदार म्हणतात आम्ही, टीव्हीवर म्हणतात अमेरिकन ग्राहक. (यंत्रमाग कामगाराचा मुलगा, वाणिज्य शाखा, सोलापूर)

कागदोपत्री भरतो तो अमेरिकेतला आयातदार, तिथल्या कस्टम्समध्ये. पण करारात 'एफओबी' लिहिलंय की 'डीडीपी', हे आधी बघायचं. एफओबी असेल तर माल जहाजावर चढला की विक्रेत्याची जबाबदारी संपली, शुल्क खरेदीदाराचं. डीडीपी असेल तर शुल्कासकट माल दारात पोचवायचं विक्रेत्याने कबूल केलेलं असतं. मग ते शुल्क सोलापूरकराच्याच खिशातून जातं. मोठ्या दुकानसाखळ्या छोट्या निर्यातदारांना डीडीपी गळ्यात मारतात. २५ टक्के ७ ऑगस्टला लागू झाले, आणखी २५ टक्के २७ ऑगस्टला. त्या वीस दिवसांत डीडीपीवाल्यांची झोप उडाली ती यामुळे.

खरा भार मात्र घासाघिशीत ठरतो. जहाजावर चढवलेला टॉवेल ३ डॉलरला पडतो असं धरू. (अमेरिकेत शुल्क याच किमतीवर लागतं, पुढच्या जहाजभाड्यावर नाही. टॉवेलवरचं आधीचं नेहमीचं शुल्क दोन्ही देशांना सारखंच, म्हणून ते सोडून देऊ.) ५० टक्क्यांनी टॉवेल झाला साडेचार डॉलरचा. त्याच वेळी पाकिस्तानी मालावर १९ टक्के होते आणि टेरी टॉवेलमध्ये तोच आपला जुना प्रतिस्पर्धी. त्यांचा तीन डॉलरचा टॉवेल ३.५७ ला पडतो. त्याच्या बरोबरीला यायचं तर ३.५७ भागिले दीड, म्हणजे आपल्याला २.३८ डॉलरला विकायला हवा. किमतीत २० टक्क्यांहून जास्त सूट. टॉवेलच्या धंद्यात एवढा नफाच नसतो.

रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा, हे अर्धसत्य. डॉलर ८५ रुपये असताना ३ डॉलरचे २५५ रुपये यायचे. २.३८ डॉलरचे त्याच दराने २०२ रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वदीपार गेला. ९० ने तेच २१४ होतात. ५३ रुपयांच्या खड्ड्यात १२ रुपये पडले, बस्स. आयात केलेले रंग, रसायनं आणि यंत्रांचे सुटे भाग त्याच डॉलरने महागले, ते वेगळंच.

सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना दिलासा मिळाला, पण नेमका तो विदर्भ-मराठवाड्यात कापूस घरात यायचा काळ. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, आणि बाहेरचा स्वस्त कापूस दारात असताना व्यापारी तेवढ्याला कशाला हात लावेल? सोलापूरचं दुखणं यवतमाळच्या अंगावर गेलं. शुल्काचे दर वॉशिंग्टनच्या मर्जीनुसार बदलत राहतात, पण कागद-पेन्सिल घेऊन हाच हिशेब करता येतो : आपला दर, शेजाऱ्याचा दर, आणि बरोबरीला यायला लागणारी सूट.

प्रश्न : दावोसला लाखो कोटींचे करार होतात, डेटा सेंटरच्या घोषणा होतात. आमच्या पोरांना नोकऱ्या किती, हे बातमीवरून कसं ओळखायचं? (आयटीआय निदेशक, छत्रपती संभाजीनगर)

सामंजस्य करार म्हणजे साखरपुडासुद्धा नव्हे, बघण्याचा कार्यक्रम. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्राने १५ लाख कोटींहून अधिक रकमेचे करार केले. राज्यातलं सगळ्यांचं मिळून वर्षाचं एकूण उत्पन्न तेव्हा ४५ लाख कोटींच्या आसपास. त्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी गुंतवणूक वर्षात येत नसते. ती दहा-दहा वर्षांवर पसरलेली असते आणि न पाळल्यास दंड नसतो. म्हणून रक्कम सोडा, टप्पा विचारा. एमआयडीसीने भूखंडाचं वाटपपत्र दिलं का? मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तिचा अर्ज केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर दिसतो. आणि सगळ्यांत बोलका कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. तिथे दोन संमती असतात, कारखाना उभारण्याची आणि कारखाना चालवण्याची. पहिली मिळाली की वेल्डर, फिटर, वायरमन यांना ठेकेदारांकडे काम सुरू होतं. दुसरी मिळायच्या सुमारास कंपनीची कायम भरती. बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करचा २० हजार कोटींचा करार जुलै २०२४ मधला आहे. तुम्ही त्याच्या मागावर असाल तर या दोन संमतींवर नजर ठेवा, भूमिपूजनाच्या फोटोंवर नको.

डेटा सेंटरचं मोजमाप रुपयांत नव्हे, मेगावॅटमध्ये करतात. १०० मेगावॅट पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट, महिन्याला ७ कोटी २० लाख. महिन्याला २०० युनिट जाळणारी ३ लाख ६० हजार घरं एवढ्यात चालतात. त्यातही विचारा की १०० मेगावॅट नुसत्या संगणकांचे की थंडाव्यासकट. वीजवापराचं गुणोत्तर दीड असेल तर संगणकांच्या १०० मागे ग्रिडमधून १५० लागतात. ऐरोली-महापे पट्ट्यात ही केंद्रं गोळा झाली ती समुद्राखालच्या केबल मुंबईला येतात आणि विजेची उपकेंद्रं जवळ आहेत म्हणून. बांधताना हजारो हात लागतात, चालवायला मात्र मोजकेच : उच्चदाब वीजतंत्री, शीतकरण तंत्रज्ञ, डिझेल जनरेटर सांभाळणारे, अग्निशमन, सुरक्षा. तुमच्या मुलांसाठी वायरमन अधिक उच्चदाबाचा परवाना, किंवा रेफ्रिजरेशन-एसी अधिक मोठ्या चिलरचा अनुभव, ही जोडी कामाची. 'एआय'चा तीन महिन्यांचा कोर्स विकणाऱ्यांना आधी हे विचारा की मागच्या तुकडीतली किती मुलं कुठे लागली.

प्रश्न : २०२४ च्या लोकसभेत आघाडी पुढे, सहा महिन्यांत विधानसभेला युतीची लाट. मतदानोत्तर चाचण्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

चाचणी मोजते मतं, आपण वाचतो जागा. गडबड तिथे होते. लोकसभेला महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या (उरलेली एक तुमच्याच सांगलीची, अपक्षाची), पण दोघांच्या मतांतला फरक जेमतेम एका टक्क्याच्या आसपास होता. आता नमुन्याचं गणित. १ ला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की चुकीची साधारण मर्यादा मिळते. हजार माणसांना विचारलं तर अधिक-उणे ३.२ टक्के, अडीच हजारांना २, दहा हजारांना १. हेही नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तरच. शिवाय ही मर्यादा एकाच पक्षाच्या मतांची. दोघांतली आघाडी मोजायची तर ती जवळजवळ दुप्पट होते : अडीच हजारांच्या नमुन्यात सुमारे पावणेचार टक्के. ज्या निवडणुकीत खरा फरकच एका टक्क्याचा, तिथे कोण पुढे हे अडीच हजारांची चाचणी सांगूच शकत नाही. सांगितलं आणि जुळलं तर ते नशीब.

'राज्यभरात दहा हजार मतदार' हे ऐकायला भारदस्त वाटतं. २८८ मतदारसंघांत वाटले की एका ठिकाणी पस्तीस. पस्तिसांचं वर्गमूळ सहाच्या खाली, म्हणजे चुकीची मर्यादा १७ टक्के. तेव्हा अशी चाचणी दाखवून कुणी 'मिरजेत अमुक, तासगावात तमुक' असं सांगू लागला, तर चॅनेल बदला. जागा येतात त्या सूत्राने : मागच्या निवडणुकीतली मतं प्रत्येक मतदारसंघात तेवढ्याच टक्क्यांनी सरकवायची आणि कोण पुढे जातं ते मोजायचं. दोन राष्ट्रवादी आणि दोन शिवसेना झाल्यावर 'मागच्या वेळची मतं' कोणाच्या नावावर मांडायची, इथेच ते सूत्र अडखळतं. विधानसभेला भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, मिळून २८८ पैकी २३०, तर आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४६. अनेक चाचण्यांनी कोण जिंकणार ते बरोबर सांगितलं, पण किती हे मात्र चुकलं. एकदा वारा पाच-सहा टक्क्यांनी एकाच बाजूला वळला की काठावरच्या जागा एकदम कोसळतात, आणि काठावर किती जागा उभ्या आहेत हे पस्तीस जणांना विचारून कळत नाही.

दुसरी अडचण, उत्तर न देणाऱ्यांची. दर दहातले चार जण बोलायलाच तयार नसतील, तर उरलेले सहा सगळ्यांच्या वतीने बोलतात. बाई, दलित, अल्पसंख्याक आणि सत्ताधाऱ्याच्या गावातला विरोधक, हे बूथबाहेर अनोळखी माणसाला खरं सांगतीलच असं नाही. चाचणी करणारे नंतर वय, जात, शिक्षण यांचा भार लावून तोल सावरतात. त्या भाराचा तपशील, नमुन्याची संख्या, विचारपूस फोनवर की समोरासमोर, या तीन गोष्टी जाहीर न करणारी चाचणी करमणूक म्हणून पाहावी. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत ती दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ ने बंदी आहे, त्यामुळे तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे कुणाचे, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही बँकेत आकडे तपासण्यात आयुष्य घालवलंय, तर तुम्हाला चाचणीपेक्षा फॉर्म २० आवडेल. निकालानंतर निवडणूक आयोग मतदारसंघवार तो प्रसिद्ध करतो आणि त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत. लोकसभेचा आणि विधानसभेचा फॉर्म २० शेजारी ठेवा. मात्र केंद्र क्रमांकावर जाऊ नका, कारण मतदान केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात. केंद्राचं नाव आणि शाळेची इमारत जुळवा, मगच मतं वजा करा.